युरियाच्या गोणीतून हवेत काय जातं?

दिवाळीनंतर हवेची चर्चा सुरू झाली की बरेच जण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप उघडतात, मोठा आकडा बघतात, हळहळतात आणि बंद करतात. हा आकडा म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक, सगळे म्हणतात तो एक्यूआय. त्याच्या मागे आठ प्रदूषकांचा हिशेब असतो: दोन आकारांची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, शिसं आणि अमोनिया.

पहिले सात कुठून येत असतील याचा अंदाज कुणीही बांधेल. गाड्या, चिमण्या, बांधकामं, कचऱ्याच्या आगी. पण अमोनियाचं तिथे काय काम? शिवाय त्याच्यापुढे बहुतेक वेळा हिरवा रंग असतो. त्याची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅम आहे आणि ती सहसा गाठली जात नाही. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, यांची मर्यादा ६० आहे. उत्तर भारतातल्या हिवाळ्यात ती दिवसेंदिवस मोडलेली असते.

तक्त्यात दिसत नाही ते हे, की हिरव्या रंगातला तो वायूच लाल रंगातल्या त्या बारीक कणांचा एक घटक असतो. आणि तो मुख्यतः शहरात तयार होत नाही. जगभर माणसाच्या व्यवहारांतून निघणाऱ्या अमोनियापैकी ८० टक्क्यांहून जास्त शेती आणि पशुपालनातून येतो. त्यातला आपल्या ओळखीचा एक मोठा स्रोत म्हणजे युरिया.

गोणीतले वीस किलो

युरियाची गोणी ४५ किलोची असते आणि त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. म्हणजे आपण प्रत्यक्षात २०.७ किलो नत्र विकत घेतो. पिकाला हवं असतं ते हेच.

पण युरिया पडल्या पडल्या मुळांच्या उपयोगाचा नसतो. तो आधी विरघळतो आणि मातीतले जिवाणू युरिएज नावाच्या विकराने त्याची फोड करतात. त्यातून अमोनियम आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. जमीन उबदार आणि ओली असेल तर दोन-तीन दिवसांत हे काम उरकतं.

आता खरी मेख. अमोनियम आणि अमोनिया ही एकाच द्रव्याची दोन रूपं. अमोनियमवर धन विद्युतभार असतो, म्हणून ते मातीच्या कणांना चिकटून राहतं. अमोनिया हा वायू, वाट मिळाली की निघाला. कोणतं रूप किती असेल हे सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) ठरवतो. सामू ७ असेल तर शंभरात एक भागसुद्धा अमोनिया नसतो, ९ असेल तर जवळजवळ तिसरा हिस्सा अमोनिया होतो. आणि युरियाची फोड होताना दाण्याभोवतीच्या मातीचा सामू तात्पुरता वर चढतो, ९ च्या आसपास जातो. जमीन मुळात चांगली असली तरी. आपल्या काळ्या जमिनींचा सामू तर बऱ्याचदा आधीच आठच्या घरात असतो.

काळ्या मातीची जमेची बाजूही आहे. तिच्यात चिकणमाती भरपूर, त्यामुळे अमोनियम धरून ठेवण्याची ताकद मोठी. पण त्यासाठी खत मातीत शिरायला हवं. वर पडलेला दाणा, दुपारचं ऊन, वारा आणि नुसता दव किंवा भुरभुर पाऊस हा सगळ्यात वाईट मेळ. तेवढ्या ओलीने दाणा विरघळतो, पण खाली जात नाही. पृष्ठभागावरच फुटतो आणि उडून जातो. हे नुकसान बहुतेक पहिल्या आठवड्यातच होऊन जातं, पिकाच्या पानांवर लगेच काही दिसतही नाही.

आंतरराष्ट्रीय हिशेबात युरियातलं सरासरी १५ टक्के नत्र असं वायुरूपात जातं असं धरतात. म्हणजे गोणीमागे सुमारे तीन किलो नत्र, आणि वायूच्या वजनात मोजलं तर पावणेचार किलो अमोनिया. ही सरासरी आहे. पाणी साचलेल्या भातखाचरात वरून युरिया फेकला तर आकडा याच्या कितीतरी वर जातो. भारतात वर्षाला साधारण साडेतीन कोटी टन युरिया वापरला जातो. त्याला हेच गुणोत्तर लावलं तर दरवर्षी २४ लाख टनांच्या आसपास नत्र आभाळात जातं. ते शेतकऱ्याच्या पैशाचं आहे, आणि त्याहून कितीतरी जास्त अनुदानाच्या पैशाचं.

वायूचे कण कसे होतात

शेतावरून उठलेला अमोनिया एकटा फार काळ टिकत नाही. काही तासांत, फार तर दिवसभरात, तो झाडापानांवर किंवा जमिनीवर बसतो. पण वाटेत आम्ल भेटलं तर गोष्ट बदलते.

ही आम्लं येतात इंधनातून. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड निघतो, त्याचं हवेत सल्फ्युरिक आम्ल बनतं. गाड्या आणि भट्ट्यांमधून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, त्यांचं नायट्रिक आम्ल बनतं. हवेत आम्लांना उतारा ठरणारा मुख्य वायू एकच, अमोनिया. दोघे भेटले की मीठ तयार होतं: अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट. वायूचे घन कण झाले. (अमोनियम सल्फेट कृषी सेवा केंद्रात खत म्हणून गोणीत मिळतं. तेच इथे आपण श्वासावाटे घेतो.)

हे कण कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाहीत, हवेतच जुळतात. म्हणून त्यांना दुय्यम कण म्हणतात. आकार असा की माणसाचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड आणि हे अडीचपेक्षाही कमी, पुष्कळदा एकपेक्षाही. नाकातले केस आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, दमा आणि हृदयविकार असलेल्यांना त्याचा त्रास होतो.

आणि प्रवास वाढतो. अमोनिया वायू म्हणून काही तासांत खाली बसला असता, तो कण झाल्यावर अनेक दिवस तरंगतो आणि शेकडो किलोमीटर जातो. म्हणूनच "आमच्या शिवारात हवा चांगली आहे, मग खताने प्रदूषण कसं?" हा प्रश्न योग्य असूनही त्याचं उत्तर शिवारात सापडत नाही. ते वाऱ्याच्या दिशेने पुढे सापडतं.

पॅरिसमध्ये एका वसंतात

मार्च २०१४ मध्ये पॅरिसवर दाट धुरकं साचलं. थंड रात्री, उबदार दुपार, वारा नाही. १७ मार्चला सम-विषम क्रमांकाच्या गाड्यांचा नियम लावावा लागला, त्याआधी काही दिवस बस-मेट्रो फुकट करण्यात आली. सगळ्यांचं बोट डिझेल गाड्यांकडे होतं आणि त्यात तथ्यही होतं. पण कणांचं पृथक्करण केल्यावर त्यांत मोठा वाटा अमोनियम नायट्रेटचा निघाला. नायट्रेटचा भाग गाड्यांच्या धुरातून, अमोनियमचा भाग आजूबाजूच्या शेतांतून. युरोपात मार्च म्हणजे पिकांना खत देण्याचा हंगाम.

अमोनियम नायट्रेटचा स्वभाव इथे कळीचा आहे. थंड, दमट हवेत ते कण म्हणून टिकतं, ऊन वाढलं की पुन्हा विरून वायू होतं. म्हणून हा आजार हिवाळ्याचा आणि पहाटेचा.

गंगेचं खोरं, आणि चंद्रपूरही

उपग्रहांनी अमोनिया मोजायला सुरुवात केल्यावर जगाच्या नकाशावर एक मोठा डाग उठून दिसला: पंजाबपासून बंगालपर्यंतचं गंगा-सिंधूचं मैदान. गहू-भाताची दाट शेती, भरमसाट युरिया, गुरंढोरंही अफाट. तिथे अमोनियाचं प्रमाण सर्वाधिक असतं ते उन्हाळ्यात आणि खरिपाच्या सुरुवातीला, हिवाळ्यात नाही. पण तेव्हा हवा वर चढून मिसळते आणि मग पाऊस ती धुऊन काढतो. डिसेंबर-जानेवारीत गव्हाला पहिल्या पाण्याबरोबर युरिया पडतो तेव्हा अमोनिया तुलनेने कमी असतो, पण थंड हवेचं झाकण जमिनीलगत बसलेलं असतं आणि कण घडवायला आम्लंही हवेत असतात.

दिल्लीत आणखी एक तिसरं आम्ल हजर असतं. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था २०१५ पासून दिल्लीच्या विमानतळावर हिवाळी धुक्याचा अभ्यास करते आहे, तिथल्या कणांमध्ये क्लोराइड लक्षणीय आढळलं. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याची साखळी दाखवली: प्लास्टिकमिश्रित कचरा जाळल्याने आणि काही उद्योगांतून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं, अमोनियाशी जुळून अमोनियम क्लोराइड होतं, ते हवेतली वाफ शोषून फुगतं आणि समोरचं दिसेनासं होतं. कचराडेपोची आग आणि गव्हाचं वावर यांचा असा संबंध असेल हे चटकन कुणाच्या डोक्यात येणार नाही.

महाराष्ट्रात दिल्लीसारखी कोंडी क्वचित होते. समुद्राचा वारा, पठारावरची मोकळी हवा आपल्या बाजूची. पण विदर्भाचं गणित वेगळं आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आणि त्यांच्या भोवती कापूस-सोयाबीन-धानाची शेती, म्हणजे सल्फर आणि अमोनिया दोन्ही शेजारी शेजारी. केंद्र सरकारने २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसवायला सांगितलं होतं. जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट देण्यात आली. सूट देताना हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे हे कारण पुढे आलं. वायू म्हणून तो मर्यादेत असेलही, पण त्याचं सल्फेट झाल्यावर तो त्या रकान्यात दिसायचाच नाही.

"मग दोष आम्लांचा, शेतकऱ्याचा कशाला?"

हा आक्षेप नुसता भावनिक नाही, रसायनशास्त्रही त्याच्या बाजूने आहे. पुरणपोळीचं उदाहरण घ्या. कणीक संपली असेल तर पुरण कितीही उरलं तरी पोळ्या वाढत नाहीत. आणि उरलेल्या पुरणातून दोन वाट्या काढून घेतल्या तरी पोळ्या कमीही होत नाहीत. उत्तर भारतात हिवाळ्यात अमोनिया म्हणजे उरलेलं पुरण. दिल्लीतल्या मोजमापांत बराच अमोनिया कण न होता वायू म्हणूनच शिल्लक राहिलेला दिसतो, कारण त्याला पुरेल इतकं आम्लच नसतं. अशा ठिकाणी अमोनिया थोडासा कमी केल्याने पीएम २.५ लगेच उतरणार नाही. तिथे आधी सल्फर आणि गाड्यांचा धूर कमी करायला हवा.

तेव्हा दिल्लीच्या धुरक्याचं खापर युरियावर फोडणारा लेख वाचलात तर तो बाजूला ठेवा. पण याची दुसरी बाजूही आहे. युरोप-अमेरिकेने कारखान्यांचा सल्फर दोन-तीन दशकांत खूप खाली आणला आणि तिथे आता अमोनिया हा उरलेल्या कामातला मोठा भाग आहे. आपणही कधीतरी तिथे पोचू. शिवाय अमोनिया वाचवणं हे शेतकऱ्याच्या फायद्याचंच आहे, हवेला काही मिळो न मिळो.

"सेंद्रिय शेती केली की प्रश्न मिटला?"

नाही. गोमूत्रातही युरियाच असतो, कारखान्यातला युरिया आणि गाईच्या मूत्रातला युरिया यांत रासायनिक फरक शून्य. गोठ्यात पहाटे नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचा. उघड्या उकिरड्यातून, न कुजलेल्या शेणातून, शेतात पसरून आठवडाभर तसंच ठेवलेल्या शेणखतातून नत्र असंच उडतं. नेदरलँड्समध्ये रासायनिक खतापेक्षा गाई-डुकरांच्या मलमूत्राचाच प्रश्न मोठा आहे. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मे २०१९ मध्ये नायट्रोजनविषयक सरकारी योजना रद्द ठरवली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले, आणि नायट्रोजनचा भार थोडा हलका करायला मार्च २०२० पासून महामार्गांवर दिवसा ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा लागली.

शेणखत वाईट असा याचा अर्थ नाही. जमिनीच्या पोताला त्याची गरज आहे. ते चांगलं कुजवावं, झाकावं आणि पसरल्यावर लगेच कुळवून मातीत मिसळावं एवढंच. रासायनिक खत एका फटक्यात बंद करण्याचा प्रयोग श्रीलंकेने २०२१ मध्ये करून पाहिला. भाताचं उत्पादन कोसळलं आणि त्याच वर्षी बंदी मागे घ्यावी लागली. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचं अन्न कारखान्यात बांधलेल्या नत्रावर उभं आहे, हे विसरून चालत नाही.

निंबोळी लेप आणि नॅनो

२०१५ पासून देशातला जवळपास सगळा अनुदानित युरिया निंबोळी लेपाचा आहे. त्याने अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, नत्र झिरपून जाणं कमी होतं. चांगलंच आहे. पण अमोनिया उडतो तो त्याच्या आधीच्या टप्प्यावर. तिथे निंबोळीचा फारसा उपयोग नाही. उलट नत्र अमोनियम रूपात जास्त दिवस राहिलं तर उडण्याची संधी थोडी वाढूही शकते. अमोनिया रोखायला युरिएजलाच लगाम लागतो, तशी रसायनं आहेत. जर्मनीत फेब्रुवारी २०२० पासून नियम आहे: युरियात असं रसायन मिसळलेलं हवं, नाहीतर टाकल्यापासून चार तासांत तो मातीत मिसळायला हवा.

पानांवर फवारायच्या द्रवरूप नॅनो युरियाचं गणित कागदावर मांडून बघा. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत २०.७ किलो. एक बाटली एका गोणीचं काम करते असा दावा होता. पानातून नत्राचं शोषण जास्त कार्यक्षम असतं हे मान्य केलं तरी हजारपट फरक कुठून भरून येणार, याचं समाधानकारक उत्तर मला तरी मिळालेलं नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतप्रयोगांत शिफारशीच्या खताऐवजी ते वापरल्यावर गहू-भाताचं उत्पादन घटलेलं दिसलं.

मातीआड

सगळ्यात स्वस्त उपाय जुनाच आहे, खत मातीआड करणं. पाच-सात सेंटिमीटर माती वर आली की अमोनिया बाहेर पडण्याआधी मातीच त्याला धरते. दोन चाड्यांच्या पाभरीने बी आणि खत एकाच वेळी पेरणारे कोरडवाहू शेतकरी हे नकळत करतच आले. अडचण येते वरखताच्या, म्हणजे उभ्या पिकाला खत देण्याच्या, वेळी. पीक गुडघ्याला लागलेलं, मजूर मिळत नाहीत, म्हणून बांधावरून युरिया फेकत जायचं. तेव्हा निदान वेळ साधता येते: कोळपणीच्या आधी टाकून लगेच कोळपलं, किंवा टाकल्यावर त्याच दिवशी भरपूर पाणी दिलं, तर दहा-पंधरा मिलिमीटर पाण्याने विरघळलेला युरिया मुळांकडे उतरतो. पाऊस धरून युरिया टाकायची पद्धतही बरोबर आहे, फक्त पाऊस खरोखर पडायला हवा. ठिबकमधून दिलेल्या युरियाला तर हवेत उडायला वावच कमी मिळतो.

कोकणातल्या भातशेतीत याचं सुरेख उदाहरण आहे. साचलेल्या पाण्यात वरून युरिया टाकला की दुपारी शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्याचा सामू चढतो आणि अमोनिया भराभर उडतो. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री पद्धतीत युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) एकत्र दाबून केलेल्या गोळ्या, ब्रिकेट, वापरतात. एक गोळी जेमतेम पावणेतीन ग्रॅमची. चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या) चौकोनात मधोमध, हाताने चिखलात सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसायची. लावणीच्याच दिवशी. नंतर खताची चिंता नाही. वाकून वाकून कंबर मोडते हा तिचा दोष, आणि म्हणूनच फायदा माहीत असूनही ती सगळीकडे पसरलेली नाही.

आणखी दोन वायू

अमोनिया सोडून खतातलं नत्र आणखी दोन वाटांनी हवेत जातं. एक नायट्रिक ऑक्साइड: कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की जिवाणू ते उसळून बाहेर टाकतात, आणि उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. दुसरा नायट्रस ऑक्साइड. तो श्वासाला त्रास देत नाही, पण हवेत शतकभर टिकतो आणि वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. शिवाय वरच्या ओझोन थराला तो पोखरतो. वातावरणशास्त्रज्ञ ए. आर. रविशंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की आता माणूस सोडत असलेल्या वायूंमध्ये त्या थराला सर्वाधिक धोका याचाच आहे.

किंमत कोण ठरवतं

शेतकरी युरिया जास्त टाकतो म्हणून त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, खरा खर्च त्याच्या कैक पट, फरक सरकार भरतं. २०१० मध्ये स्फुरद-पालाशच्या खतांना पोषणद्रव्यांनुसार ठरावीक अनुदान आलं, त्यांच्या किमती वर-खाली होऊ लागल्या. युरिया त्या योजनेबाहेरच राहिला. डीएपीची किंवा १०:२६:२६ या मिश्र खताची गोणी हजाराच्या वर आणि युरिया तीनशेच्या आत असेल, तर हात कुठल्या गोणीकडे जाणार? वर त्याच गोणीसोबत नको असलेली औषधं माथी मारणारं लिंकिंग आहेच.

नत्राविषयीच्या आंतरराष्ट्रीय कोलंबो जाहीरनाम्यात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, नत्राची नासाडी २०३० पर्यंत निम्मी करण्याचं उद्दिष्ट मांडलं गेलं. ते खरंच गाठायचं तर अनुदानातला काही पैसा स्वस्त गोणीऐवजी खत पेरून देणाऱ्या अवजारांवर, ब्रिकेट खुपसणाऱ्या हलक्या यंत्रांवर आणि माती परीक्षणाच्या अशा अहवालांवर खर्च व्हायला हवा, जे पेरणीच्या आधी हातात पडतात.